विमानात उपकरणे बंद का करावी लागतात? एका नियमाचा इतिहास #थ्रेड

विमान धावपट्टीकडे निघाले की मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर टाकण्याची सूचना होते. हा नियम मोबाइलमुळेच आला, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः अमेरिकेत अशी पहिली बंदी १९६१ सालची आहे. तेव्हा खिशातला मोबाइल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. बंदी आली होती ती प्रवाशांच्या छोट्या एफएम रेडिओवर.

ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४ साली अमेरिकेच्या बाजारात आला. त्यापूर्वीचे निर्वात नलिकांचे संच जड असत आणि बॅटरी झपाट्याने संपवीत. आता रेडिओ हातात मावू लागला, आणि दशक संपता संपता एफएम केंद्रे ऐकवणारे छोटे संचही मिळू लागले. प्रवासी ते सोबत घेऊन विमानात चढू लागले.

त्याच काळात विमाने वाट शोधीत ती ‘व्हीओआर’ या यंत्रणेच्या साह्याने. जमिनीवरचे केंद्र दोन संकेत पाठवते. एक सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, दुसरा दिशेनुसार बदलत जातो. विमान केंद्राच्या उत्तरेस असेल तर दोहोंच्या लाटा बरोबरीने चढतात-उतरतात. पूर्वेस असेल तर त्यांत ९० अंशांचा फरक पडतो. विमानातले यंत्र हा फरक मोजते आणि वैमानिकासमोरची एक सुई त्यानुसार डावी-उजवीकडे सरकते. रात्री किंवा दाट ढगांत ही सुई म्हणजेच रस्ता. यासाठी राखलेला पट्टा १०८ ते ११८ मेगाहर्ट्झचा. एफएम प्रसारणाचा पट्टा ८८ ते १०८. म्हणजे दोघे अगदी शेजारी.

पण शेजार असला म्हणून काय झाले? रेडिओ तर केवळ ऐकतो, बोलत नाही. खरी गंमत इथेच आहे. रेडिओ बोलतोही, फक्त फार हळू.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने ‘सुपरहेटरोडाइन’ ही रचना शोधली. या रचनेत संच स्वतःच्या पोटात एक लाट निर्माण करतो आणि बाहेरून आलेल्या लाटेत ती मिसळतो. दोहोंच्या वारंवारतेतील फरक कायम ठेवला की पुढचे काम सोपे होते. एफएम संचांत हा फरक १०.७ मेगाहर्ट्झ ठरून गेला आणि आतली लाट सहसा केंद्राच्या वर ठेवली गेली. आता हिशेब करून पाहावा. श्रोत्याने १०२.५ वरचे केंद्र लावले की संचाच्या पोटात ११३.२ ची लाट उमटते. ती थेट व्हीओआरच्या पट्ट्यात पडते! ९७.३ च्या वरचे कोणतेही केंद्र लावले तरी तीच गत. एफएमचा जनकही हाच आर्मस्ट्राँग. त्याच्या दोन शोधांची बेरीज कॉकपिटमधल्या सुईला भोवली. ती पाहायला मात्र तो उरला नव्हता. १९५४ च्या जानेवारीतच त्याचे निधन झाले होते.

संचातून निसटणारी ही लाट अत्यंत क्षीण असते, हे खरे. तथापि व्हीओआर केंद्र कित्येक मैल दूर असते आणि रेडिओ अँटेनापासून अवघ्या काही मीटरवर, खिडकीशी. दूरच्या आरोळीपेक्षा कानाशी केलेली कुजबुज मोठी ठरते.

१९६३ साली आरटीसीए या तांत्रिक संस्थेने याविषयीचा अहवाल दिला. १९६६ मध्ये नियमाचा विस्तार होऊन सर्वच उपकरणे त्याच्या कक्षेत आली. सूट मिळाली ती श्रवणयंत्र, पेसमेकर, ध्वनिमुद्रक आणि विजेवर चालणारा दाढीचा रेझर यांना. (हा रेझर त्या नियमात आजही आहे. विमानात दाढी करणारे प्रवासी किती उरले, हा वेगळा प्रश्न.) इतर कोणत्याही उपकरणासाठी अट अशी, की ते आपल्या विमानाला निर्धोक आहे असे विमान कंपनीने स्वतः ठरवावे.

या एका अटीने पुढची पाच दशके घडवली. उपकरण धोकादायक आहे हे कोणी सिद्ध करायचे नव्हते; ते धोकादायक नाही हे कंपनीने सिद्ध करायचे होते. प्रत्येक नव्या उपकरणाची प्रत्येक प्रकारच्या विमानात चाचणी घेण्यापेक्षा ‘सर्व बंद करा’ असे सांगणे कितीतरी स्वस्त होते. उपकरणामुळे विमान कोसळल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले एकही उदाहरण नाही; पण सुया भरकटल्याच्या, हेडफोनमध्ये खरखर आल्याच्या वैमानिकांच्या तक्रारी मात्र नोंदल्या गेल्या. जुना मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की उठणारी टर्र-टर्र ज्यांना आठवते, त्यांना ही खरखर नव्याने समजावून सांगायला नको.

मोबाइलवरची अमेरिकेतली बंदी तर निराळ्याच कारणाने आली. १९९१ साली ती घातली दूरसंचार खात्याचे काम पाहणाऱ्या एफसीसीने, विमान खात्याने नव्हे. त्यामागची चिंता जमिनीची होती. मोबाइलचे जाळे एकच वारंवारता दूरदूरच्या टॉवरांवर पुन्हा पुन्हा वापरते. आकाशातला फोन त्यांतल्या अनेक टॉवरांना एकदम दिसतो आणि खालच्यांच्या संभाषणात घोटाळा होतो. प्रवाशांना मात्र दोन्ही बंदी एकाच सूचनेत ऐकू आल्या आणि दोन्हींची कारणे एकच वाटली.

३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या एफएएने उड्डाण आणि उतरण्याच्या वेळीही टॅब्लेट, ई-रीडर वापरू देण्याचा मार्ग मोकळा केला. फोनचे सिग्नल मात्र बंदच. भारतात डीजीसीएने एप्रिल २०१४ मध्ये फ्लाइट मोडला तशीच परवानगी दिली.

पण प्रश्न तिथे मिटला नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५-जी सेवा ३.७ गिगाहर्ट्झच्या वर सुरू होऊ घातली. जमिनीपासूनची उंची मोजणारा विमानातला रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. दोन पट्टे पुन्हा शेजारी आले होते. १९ जानेवारीला एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली. या वेळी संशय प्रवाशाच्या खिशावर नव्हता, विमानतळाजवळच्या टॉवरवर होता. कंपन्यांनी तिथले टॉवर सुरू करणे लांबणीवर टाकले आणि विमानांच्या अल्टिमीटरना फिल्टर बसवण्याचे काम हाती घेण्यात आले.