घरची बाग : बोम्मसंद्रा परिसरासाठी उपयुक्त माहिती कशी निवडावी

बेंगळूरुच्या दक्षिणेस होसूर मार्गावर असलेल्या बोम्मसंद्रा या औद्योगिक परिसरात देशाच्या अनेक भागांतून नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे राहतात. गच्चीवर किंवा सज्जात भाजीपाला पिकविण्यासाठी लागणारी माहिती आज मराठीत विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. तथापि, पुणे, नागपूर किंवा कोकणासाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यामुळे सल्ला कोणत्या हवामानासाठी, कोणत्या मातीसाठी आणि कोणत्या पाण्यासाठी दिला आहे, हे प्रथम पाहणे आवश्यक ठरते.

हवामानातील फरक

बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. येथील उन्हाळा विदर्भ किंवा मराठवाड्याच्या तुलनेत सौम्य असतो. तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे क्वचितच जाते. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या सरी येतात. पाऊस ऑक्टोबरपर्यंत विभागून पडतो आणि सप्टेंबर व ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत मोडतात.

महाराष्ट्रातील पुस्तकांत पावसाळा ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबर-अखेर किंवा ऑक्टोबरच्या आरंभी, रब्बी भाज्यांची रोपे तयार करण्यास सांगितलेले असते. बोम्मसंद्रा येथे हाच काळ जोरदार पावसाचा ठरू शकतो. उघड्यावर ठेवलेल्या वाफ्यातील कोवळी रोपे ओलाव्यामुळे बुडाशी कुजून कोलमडतात. अशा वेळी रोपे आडोशाला तयार करणे किंवा पेरणी नोव्हेंबरपर्यंत लांबविणे हितावह असते. याउलट, भर उन्हाळ्यात पालेभाज्या टाळाव्यात हा विदर्भातील सल्ला येथे तितक्या काटेकोरपणे पाळण्याची गरज नसते. थोडी सावली आणि नियमित पाणी दिल्यास माठ व पालक घेता येतात.

माती आणि भार

दख्खनच्या पठारावरील काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. बेंगळूरुच्या परिसरात प्रामुख्याने लाल माती आढळते. तिच्यातून पाण्याचा निचरा लवकर होतो आणि सेंद्रिय अंश कमी असतो. त्यामुळे काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला येथे गैरलागू असून कंपोस्ट किंवा कुजलेले शेणखत अधिक प्रमाणात मिसळावे लागते.

पश्चिम महाराष्ट्रातील लेखनात उसाच्या चिपाडांचा उल्लेख वारंवार येतो, कारण तेथे ती सहज मिळतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडांवर आधारित शहरी शेतीचा प्रसार केला होता. बेंगळूरुत त्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, सर्वत्र मिळतो. त्यात क्षार असण्याची शक्यता असल्याने वापरण्यापूर्वी तो पाण्याने धुऊन घ्यावा.

गच्चीवरील भाराचा उल्लेख नसलेली माहिती अपूर्ण समजावी. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो वजनाचा वापरभार गृहीत धरला जातो. एक फूट खोलीची ओली माती मात्र दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. म्हणून गच्चीवर सलग मातीचे वाफे करण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य मानावे. हलके मिश्रण भरलेल्या आणि अंतराअंतराने ठेवलेल्या कुंड्या तुलनेने सुरक्षित असतात.

पाण्याचा प्रश्न

मार्च २०२४ मध्ये तीव्र टंचाईच्या काळात बेंगळूरु पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने बागेसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती आणि उल्लंघनासाठी ५००० रुपये दंड ठरविला होता. बोम्मसंद्रा ज्या आनेकल तालुक्यात येते, तो भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत गणला जातो. त्यामुळे 'दररोज भरपूर पाणी द्यावे' अशा स्वरूपाचा सल्ला येथे परवडणारा नाही. मातीवर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालणे, बोटभर खोल माती चाचपूनच पाणी देणे आणि भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी वापरणे हे उपाय अधिक उपयुक्त आहेत.

कूपनलिकेचे पाणी जड असल्यास कुंड्यांवर पांढरा थर दिसतो आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. अशा वेळी आणखी खत घालण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी. मिठावर चालणाऱ्या यंत्रातून मृदू केलेल्या पाण्यात सोडियमचे प्रमाण वाढत असल्याने ते झाडांना देऊ नये. वसाहतीतील सांडपाणी प्रक्रिया करून मिळत असल्यास ते फुलझाडांना द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांसाठी वापरू नये. औद्योगिक पट्ट्यातील तलाव किंवा नाल्याचे पाणी भाजीपाल्यासाठी टाळणेच योग्य, कारण त्यातील जड धातू पालेभाज्यांत साठू शकतात.

विश्वासार्ह माहितीची ठिकाणे

बेंगळूरुजवळ हेसरघट्टा येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. या संस्थेने विकसित केलेल्या वाणांच्या नावात 'अर्का' हा शब्द असतो. भेंडीचा 'अर्का अनामिका' हा हळद्या रोगास प्रतिकारक्षम वाण महाराष्ट्रातही परिचित आहे. टोमॅटोचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण तीन रोगांना प्रतिकार करतो. मात्र संकरित असल्याने त्याचे बी राखून पुन्हा पेरल्यास तेच गुण मिळत नाहीत.

कृषी विज्ञान विद्यापीठाच्या 'जीकेव्हीके' परिसरात दरवर्षी कृषी मेळा भरतो. हैदर अली यांच्या काळात १७६० मध्ये आरंभ झालेल्या लालबाग उद्यानात प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शने होतात. १० ऑगस्ट २०२५ रोजी 'नम्म मेट्रो'ची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रापर्यंत सुरू झाली. आर. व्ही. रोड स्थानकात हिरव्या मार्गिकेवर गाडी बदलून लालबागेस जाता येते. केंद्र सरकारची किसान कॉल सेंटर सेवा २१ जानेवारी २००४ पासून १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर चालविली जाते.

मराठीतील आधारभूत वाचनासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' आणि महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागाचे 'शेतकरी' मासिक उपयुक्त आहे. त्यांतील रोग, किडी व खतांची माहिती सर्वत्र उपयोगी पडते. पेरणीचे वेळापत्रक मात्र स्थानिक संस्थेकडून घ्यावे.

स्थानिक रोपवाटिकेत विचारणा करताना कन्नड नावे माहीत असल्यास सोयीचे होते. कढीपत्त्याला करिबेवु, कोथिंबिरीला कोत्तंबरी सोप्पु, शेपूला सब्बसिगे सोप्पु, भेंडीला बेंडेकाई आणि गांडूळखताला एरेहुळु गोब्बर असे म्हणतात. करंजाची पेंडही 'होंगे' या नावाने मिळते.

माहिती पारखण्याची कसोटी

गणिताचे अध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांनी महाराष्ट्रात 'प्रयोग परिवार' ही चळवळ उभी केली. तासगाव परिसरातील द्राक्ष बागायतदारांसह अनेक शेतकरी तीत सहभागी झाले. आपल्याच जागेत प्रयोग करून, मोजमापांसह नोंद ठेवून तो अनुभव इतरांना कळविणे ही त्यांची पद्धत होती. घरच्या बागेविषयीचे कोणतेही लेखन याच कसोटीवर तपासता येते.

लेखकाने गाव, ऋतू, कुंडीचा आकार व खताचे प्रमाण दिले आहे काय, अपयशी ठरलेले प्रयोगही सांगितले आहेत काय, आणि लेखन विशिष्ट उत्पादनाच्या विक्रीसाठी तर नाही ना, हे पाहावे. कीटकनाशकाची शिफारस असल्यास त्याचे प्रमाण आणि फवारणीनंतर भाजी काढेपर्यंत थांबण्याचे दिवस नमूद असलेच पाहिजेत. हे तपशील नसलेला सल्ला घरात खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर आजमावू नये. नवा उपाय प्रथम एका कुंडीवर करावा, शेजारची कुंडी तशीच ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनी फरक दिसल्यासच तो उर्वरित बागेत वापरावा.