पानावरची हद्द

मुलांच्या चित्रपुस्तकात खरे कुठे संपते आणि मनातले कुठून सुरू होते, हे ठरवण्याचा अधिकार चित्रकाराला सहजासहजी मिळालेला नाही. त्याचा मागोवा घ्यायला आपण न्यूरेंबर्गला जाऊ. मोरावियाचा शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ तिथे १६५८ साली छापले गेले. लाकडी ठशांची दीडशे चित्रे, शेजारी लॅटिन आणि जर्मन मजकूर. चित्रातल्या वस्तूला जो आकडा, तोच मजकुरातल्या तिच्या नावाला. लोहाराचा भाता, मधमाश्यांचे पोळे, न्हाव्याचे दुकान, सगळे जसेच्या तसे. इंद्रियांना जे कळते तेच बुद्धीत उतरते, अशी कोमेनियसची धारणा होती. आणि मग आत्म्याचा धडा आला! आत्मा कुणी पाहिलेला? तिथे पसरलेल्या कापडावर माणसाची आकृती नुसत्या ठिपक्यांनी काढलेली दिसते. जे दिसत नाही त्याच्यासाठी रेघच वेगळी वापरायची, हा तोडगा मला त्या अख्ख्या पुस्तकातला सर्वांत धाडसी वाटतो.

दोन शतके ओलांडून आपण लंडनला येतो. जॉन टेनियल हा ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. लुईस कॅरॉलच्या ॲलिसची चित्रे त्याने काढली आणि डॅलझिएल बंधूंच्या कारखान्यात ती लाकडावर कोरली गेली. टेनियलने कोमेनियसच्या उलट केले. अद्भुतासाठी त्याने वेगळी रेघ ठेवली नाही. सशाचा कोट तो एखाद्या पुढाऱ्याच्या कोटाइतक्याच गांभीर्याने काढी. हद्द दाखवायची वेळ आली ती १८७१ साली निघालेल्या दुसऱ्या पुस्तकात. ॲलिस आरशातून पलीकडे जाते, त्या प्रसंगाची दोन चित्रे एकाच कागदाच्या पुढच्या-मागच्या बाजूंना छापली. एका बाजूला ती आरशात शिरताना दिसते. पान उलटले की पलीकडे उतरलेली, आणि तिथल्या घड्याळाला चक्क हसरे तोंड फुटलेले. कागदच आरसा झाला. माझ्या मते आधुनिक चित्रपुस्तकाचा पाया या एका पानात आहे.

पुढचा मुक्काम पुस्तकात नाही, वर्तमानपत्रात आहे. १५ ऑक्टोबर १९०५ रोजी ‘न्यू यॉर्क हेरल्ड’मध्ये विन्सर मॅकेची ‘लिटल निमो’ ही निमो नावाच्या मुलाच्या स्वप्नांची चित्रमालिका सुरू झाली. २६ जुलै १९०८च्या रविवारी निमोच्या पलंगाचे पाय लांबत लांबत इमारतींएवढे झाले आणि पलंग शहरावरून ढांगा टाकत निघाला. चौकटीही त्या पायांबरोबर उंच होत गेल्या. पण शेवटच्या लहानशा चौकटीत निमो नेहमीप्रमाणे घरी, अंथरुणाशी, जागा झालेला. स्वप्नाला मुभा होती, मात्र जाग येण्याची अट पाळून.

ही अट सैल केली ती ब्रुकलिनच्या मॉरिस सेंडॅकने. १९५५च्या सुमारास त्याच्या मनात रानटी घोड्यांचे पुस्तक होते. घोडे काही जमेनात. अखेर घोड्यांच्या जागी राक्षस आले, तेही लहानपणी रविवारी घरी येऊन गाल ओढणाऱ्या नातेवाइकांवरून घडवलेले. १९६३ साली ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ निघाले. हे पुस्तक हातात घेऊन पाने सावकाश उलटावीत. पहिले चित्र आखडलेले, भोवती पांढरा कागद भरपूर. गोष्टीतल्या मॅक्स या मुलाची खोडी वाढते तसे चित्र फुगते, खोलीत झाडे उगवतात तेव्हा समास संपतो, मग चित्र शेजारच्या पानावर सांडते, आणि धिंगाण्याची सलग तीन जोडपाने तर एका शब्दावाचून भरून टाकते. मॅक्स परततो, पण त्याची खोली पहिल्यासारख्या आखूड चौकटीत परत जात नाही. खिडकीतली कोर असलेला चंद्रही आता पूर्ण आहे. मग हे सगळे मॅक्सच्या मनातलेच होते का? सुरुवातीला जिन्याजवळच्या भिंतीवर त्याने स्वतः काढलेले राक्षसाचे चित्र टांगलेले आहे. उत्तर शोधणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

नंतरच्यांनी तिढा वाढवला. जॉन बर्निंगहॅमने १९७७ साली शर्लीच्या गोष्टीत हद्द पुस्तकाच्या शिवणीवर आणून ठेवली: डावीकडे समुद्रकाठी खुर्च्या टाकून बसलेले, सूचना देणारे फिकट आईबाप, उजवीकडे चाच्यांशी लढणारी शर्ली, भरगच्च रंगांत. अँथनी ब्राउनच्या १९८३च्या ‘गोरिला’त तर हद्दच झिरपते. रात्री हॅनाला फिरायला नेणारा गोरिला तिच्या वडिलांचा कोट घालतो, आणि सकाळी वडिलांच्या मागच्या खिशातून केळे डोकावते. मजकूर त्या केळ्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आजचा चित्रकार बहुधा ३२ पानांची डमी घेऊन बसतो. मोठ्या कागदाच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे फर्मे होतात, त्यांतून आलेला हा आकडा. पेन्सिलीने अंगठ्याएवढी चित्रे काढतानाच समास कुठे सोडायचा, रंग कुठल्या पानावर चढवायचा, हे ठरत जाते. मजकुरात ‘तिला वाटले’ किंवा ‘तिने कल्पना केली’ असे काही असेल तर ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर खोडले जाते, कारण ते सांगायचे काम आता पानाच्या कडेकडे आहे.