बैलगाडीतून आलेली सॅटेलाइट लिंक

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. माझी कंपनी अमेरिकेत आणि मी नाशिकला, घरी. थोड्या वेळात टीमचा कॉल आहे, त्याआधी एक गोष्ट सांगतो.

घरबसल्या परदेशी नोकरी म्हणजे कोरोनानंतरची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पण सुरुवात जुनी आहे. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्लायंटच्या कामासाठी तिचे बहुतेक संस्थापक अमेरिकेला गेले. क्लायंटचा कॉम्प्युटर तिकडे, म्हणून माणूसही तिकडे.

मग १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत चिप डिझाइनचं केंद्र काढलं. काम थेट अमेरिकेला पाठवायला सॅटेलाइट लिंक हवी होती. तिचं सामान चक्क बैलगाडीतून नेलं! आता काम जायचं, माणूस इथेच. १९९१ मध्ये सरकारने एसटीपीआय काढलं आणि छोट्या कंपन्यांनाही अशी लाइन मिळू लागली.

एक फरक मात्र आहे. बंगळुरूचे ते इंजिनिअर कंपनीच्या इथल्या केंद्रात नोकरीला होते. मी कागदावर ‘कॉन्ट्रॅक्टर’. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. आधीच्या कंपनीत एका संध्याकाळी लॅपटॉप उघडला, तर लॉगिन बंद! शेवटच्या महिन्याचे पैसेही अडकले. इथे त्यांचं ऑफिसच नाही, मग भांडायला जाणार कुठे?

म्हणून सांगतो, डॉलरचा आकडा बघून लगेच सही करू नका. नोटीस पिरियड आणि कोणत्या देशाचा कायदा लागू होणार, हे आधी वाचा. मी या वेळी वाचलंय.

चला, कॉल आला. भेटूया पुढच्या भागात!