पिल्सनरचे हॉप्स आणि केळीची मर

जर्मन पद्धतीची पिल्सनर घरी करायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो: हॉप्स कुठले, आणि कशाबरोबर काय? (इथे श्टुटगार्टात ठराविक मर्यादेत घरी बिअर करता येते. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय नाही. तेव्हा पुणेकर मित्रांनो, नुसतं वाचा! :-))

रेसिपी हव्या तेवढ्या मिळतात. पण ही जोडी जमली कशी, ते वाचताना मला सारखं आमचं भडगाव आठवत होतं.

हॉप हा भांगेच्या कुळातला वेल. त्याच्या मादी फुलांमुळे बिअरला कडूपणा आणि वास येतो. १८४२ साली बोहेमियातल्या पिल्झेन गावी योझेफ ग्रोल ह्या बव्हेरियन माणसाने पहिली पिल्सनर केली, ती तिकडच्याच साझ हॉप्सवर. जर्मनांनी तिची नक्कल केली, पण आपापल्या शिवारातले हॉप्स घालून: हालरटाउचा मिटलफ्र्यू, टेटनांगचा टेटनांगर, श्पाल्टचा श्पाल्टर.

मग मर आली. हॉपची लागवड बियांपासून नाही, मुळाच्या तुकड्यांपासून करतात. आपण केळीचे कंद लावतो तशीच. म्हणजे शेतातला प्रत्येक वेल एकाच वेलाची कॉपी. एकाला न झेपणारा रोग कुणालाच झेपत नाही. १९५०च्या दशकात हालरटाउत व्हर्टिसिलियम बुरशी पसरली. ती मातीत राहते, मुळातून शिरते, आणि वेल उभाच्या उभा वाळतो. साधारण त्याच काळात लॅटिन अमेरिकेत पनामा मर रोगाने ग्रो मिशेल केळी संपवत आणली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपली बसराई काय नि ग्रँड नैन काय, दोन्ही त्याच कॅव्हेंडिश घराण्यातल्या!

जर्मनांकडे ह्यूल गावी १९२६ पासून हॉप संशोधन केंद्र होतं. तेही आधीच्या एका रोगामुळेच, केवड्यामुळे, निघालेलं. मर सोसणारा नॉर्दर्न ब्रुअर त्यांनी इंग्लंडहून आणला, आणि त्याच्या वंशातून १९७८ साली पेर्ले काढला. १९९३ मध्ये भरपूर कडू असा माग्नुम आला.

आजची जोडी ह्यातून जमली: कडूपणाला नवा हॉप, वासाला जुना. २० लिटरला माझं माप असं:
- ६० मिनिटं उकळायला माग्नुम, १५ ग्रॅम
- शेवटच्या १० मिनिटांना मिटलफ्र्यू आणि टेटनांगर, प्रत्येकी ३० ग्रॅम

आता मुद्द्याचं. पनामा मरीचा टीआर४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशात येऊन पोचलाय. आमच्या जळगाव जिल्ह्यात मैलोन्‌मैल ग्रँड नैनच उभी आहे. हालरटाउत मर आल्यापासून पेर्ले हाती यायला पंचवीसेक वर्षं लागली, तीही केंद्र आधीपासून असताना. आपण दुसरी जात शोधायला मर गिरणाकाठी पोचायची वाट बघायची का?