तापणाऱ्या जमिनीवरील फरशीकाम

खोली उबदार ठेवण्यासाठी जमिनीच्या थरात गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेची तापतार पुरून तिच्यावर फरशी बसवण्याचे काम. ही गरज मुळात थंड मुलखाची. रोमन स्नानगृहांत विटांच्या बुटक्या खांबांवर जमीन तोललेली असे आणि खालून भट्टीची गरम हवा फिरे. कोरियन ‘ओन्डोल’मध्ये चुलीचा धूर दगडी लाद्यांखालून जातो. काश्मिरी हमामात आजही दगडी फरशीखाली लाकडे जाळतात.

याउलट जबलपूर घ्या: ते कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. पौषातल्या पहाटे तिथला पारा 10° से.च्या खाली जातो, पण दुपारी ऊन पडते. त्यामुळे घरभर नळ्या घालण्याचे कारण उरत नाही. फार तर न्हाणीघरात टाइलखाली तापतारेची पातळ जाळी चालेल. मात्र वैशाखात पारा 40° से.च्या पुढे गेला, की तिथल्या गच्चीवरच्या फरशीपुढेही तापून उखडण्याचा प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच, की उष्णता खालून न येता वरून येते.

फरशी उखडते ती निव्वळ उष्णतेने नव्हे. टाइल, तिच्याखालचा मसाला आणि काँक्रीट सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, हे खरे कारण. तापमान 1° से.ने वाढले, तर दहा मीटर लांबीचे काँक्रीट साधारण 0.1 मिमी वाढते. व्हिट्रिफाइड टाइल त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. जमीन 25° से.ने तापली, तर काँक्रीटची वाढ अडीच मिमीच्या आसपास आणि टाइलची तिच्यापेक्षा जवळजवळ एक मिमी कमी भरते. हा एक मिमी कुठे जिरवायचा, यावर सारे काम अवलंबून असते. तो जिरला नाही, तर टाइल आधी पोकळ वाजते आणि मग दोन टाइली एकमेकींना रेटून तंबूसारख्या उभ्या राहतात.

म्हणून नळ्यांवरचा कोबा पूर्ण वाळू द्यावा लागतो. युरोपीय मानकानुसार सिमेंटच्या कोब्याला 21 दिवस झाल्याशिवाय पहिली ऊब देत नाहीत. त्यानंतर तीन दिवस 20 ते 25° से.चे पाणी फिरवतात आणि पुढचे चार दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचे. कोब्याला चिरा जायच्या असतील, तर त्या टाइल लावण्याआधीच जाव्यात, हा या तालमीचा हेतू. फरशी बसवताना आणि ग्राउट सुकेपर्यंत तापयंत्रणा बंद ठेवतात. घाई करणाऱ्या मालकाला हे पटवणे, हा कामातला सर्वांत अवघड भाग असावा.

टाइल चिकटवायला लवचिक पॉलिमरयुक्त अ‍ॅडेसिव्ह लागते. भारतात त्यासाठी आयएस 15477 हे मानक आहे. ते दातेरी थापीने सबंध पृष्ठावर पसरावे. टाइलच्या चार कोपऱ्यांना आणि मध्ये मसाल्याचे गोळे लावून ती ठोकण्याची आपल्याकडची रीत इथे घातक ठरते: पोकळीतल्या हवेतून उष्णता नीट वर येत नाही आणि टाइलला पुरता आधारही मिळत नाही. टाइलला टाइल भिडवू नये. कोब्याचा सलग भाग 40 चौ. मी.पेक्षा आणि त्याची बाजू 8 मीटरपेक्षा मोठी ठेवत नाहीत. दोन भागांमधला सांधा टाइलपर्यंत वर आणून सिलिकॉनसारख्या लवचिक द्रव्याने भरतात, आणि भिंतीलगतची फट स्कर्टिंगखाली मोकळी सोडतात. राहत्या भागात जमिनीचा पृष्ठभाग 29° से.हून अधिक तापू देत नाहीत. संगमरवर, ग्रॅनाइट व पोर्सेलीन उष्णता लवकर वर आणतात; लाकूड ती अडवते.

गच्चीवरचा तापमानातला फरक याहून कितीतरी मोठा. उन्हात गडद फरशी 60° से.च्या पुढे तापते आणि पहिल्याच वळवाच्या सरीने झटक्यात निवते. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा चायना मोझेक इथे टिकतो, कारण पांढरा रंग ऊन परतवतो आणि तुकड्यातुकड्यांमधले असंख्य सांधे हालचाल वाटून घेतात. मोठ्या टाइली भिडवून केलेली चकचकीत गच्ची दिसते छान, पण तिचे आयुष्य कमी. जबलपूर-नागपूरच्या हवेत घर बांधणाऱ्याने जमीन तापवण्यावर पैसे घालण्याआधी गच्चीच्या सांध्यांवर घालावेत.