गवयाच्या शिष्याची शिदोरी

‘शिष्यवृत्ती’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातच राहत नाही. वृत्ती म्हणजे उपजीविका, चरितार्थाचे साधन. भिक्षुकाची वृत्ती, जोशाची वृत्ती हे शब्दप्रयोग जुन्या कागदपत्रांतून वाचावयास मिळतात. तेव्हा शिष्यवृत्ती म्हणजे बक्षीस नव्हे, आणि विद्येची किंमतही नव्हे. शिष्य शिकत असता त्याच्या पोटाची केलेली सोय, एवढाच या शब्दाचा साधा अर्थ. इतर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा अर्थ विसरला गेला तरी फारसे बिघडत नाही. गाणे-बजावणे शिकणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो विसरून चालत नाही.

याचे कारण उघड आहे. पदवीच्या परीक्षेला वर्षे ठरलेली असतात. गाण्याला तशी मुदत नाही. आवाज घोटावयाचा, तानपुऱ्याच्या जोडीला बसून एकेका रागाची ओळख करून घ्यावयाची, गुरूच्या मागे बसून ऐकावयाचे, यात आठ-दहा वर्षे कशी जातात ते कळतही नाही. बरे, ही वर्षे नेमकी कमावण्याच्या वयातली! बरोबरीची मुले नोकरीला लागलेली असतात, घरचे वाट पाहत असतात, आणि हा अजून सकाळी उठून षड्ज लावतो आहे. त्याला या काळात जेवू कोण घालणार? वाचकहो, आपल्या संगीताचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने वाचून पाहिला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे माधुकरी आणि वार. आठवड्याचे सात वार सात घरी जेवावयाचे, म्हणजे ‘वार लावून’ राहावयाचे, ही सोय मूळची वेदविद्येच्या विद्यार्थ्यांची. गाणे शिकणारी ब्राह्मणांची मुलेही तिच्या आधाराने राहत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांचा जन्म १८४९ सालचा, मिरजेजवळच्या बेडगचा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविण्याचे श्रेय सर्वजण त्यांना देतात. पण ती आणण्यासाठी त्यांना घरदार सोडून उत्तरेची वाट धरावी लागली. प्रथम धारला देवजीबुवा परांजपे आणि मग ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी, असे गुरू त्यांनी केले. त्या काळी गुरूच्या घरी राहून शिकावयाचे म्हणजे पाणी भरावयाचे, लाकडे फोडावयाची, पडेल ते काम करावयाचे आणि गुरूची मर्जी लागेल तेव्हा विद्या घ्यावयाची, अशी रीत होती. शिष्याची फी त्याच्या अंगमेहनतीतून वसूल होई. या वाटेने बाळकृष्णबुवांसारखे जे पार पडले त्यांची चरित्रे आपण वाचतो. जे अर्ध्या वाटेवरून परत फिरले त्यांची नावे कोण लिहून ठेवणार? आणि मुलींना तर ही वाट मुळातच बंद होती, हेही विसरता कामा नये.

दुसरे उत्तर संस्थानिकांचे. ते कसे होते हे पाहण्यासाठी आपण मिरजेत जाऊ.

कुरुंदवाडचे कीर्तनकार दिगंबर गोपाळ पलुसकर यांच्या घरी १८७२ साली विष्णू हा मुलगा जन्मला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने त्याचे डोळे दुखावले. उपचारासाठी त्याला मिरजेला आणण्यात आले. दृष्टी पुरती येईना, तेव्हा शाळेचे शिक्षण खुंटले आणि गाणे शिकावे असा विचार पुढे आला. मिरजेचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांनी मुलाचा सांभाळ आपल्याकडे घेतला, आणि बाळकृष्णबुवांपाशी त्याची तालीम सुरू झाली. वार लावण्याची पाळी नाही, पोटाची काळजी नाही. रोजचा मेहनतीचा वेळ सगळा गाण्याला. डोळ्यांनी अधू अशा मुलावर एका लहानशा संस्थानाने हा खर्च केला. त्यातून पुढे काय निघणार हे त्या वेळी कुणालाही ठाऊक नव्हते.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. राजाश्रयात पोट भरे, मान मिळेच असे नाही. असे सांगतात की मिरजेतल्या एका समारंभाला विष्णूला बोलावणे आले, पण त्याच्या गुरूला आले नाही, कारण ते पडले गवई! ही गोष्ट त्या तरुणाच्या मनाला लागली. १८९६ साली त्याने मिरज सोडली. गवयाला समाजात मान मिळवून द्यावयाचा, आणि त्यासाठी राजवाड्याच्या बाहेर, लोकांच्या आधारावर उभे राहावयाचे, हा त्यामागचा निश्चय होता.

तो निश्चय ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाच्या रूपाने उभा राहिला. फी भरून येणारे विद्यार्थी तेथे होतेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो ‘उपदेशक’ वर्ग. या वर्गातील मुलांनी नऊ वर्षे विद्यालयात राहण्याचा करार लिहून द्यावयाचा. विद्यालयाने त्यांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य द्यावयाचे. आणि तयार झाल्यावर त्यांनी गावोगावी संगीताचे शिक्षक म्हणून जावयाचे. म्हणजे पाहा, जुन्या गुरुकुलातला सहवास राहिला, पण मर्जीच्या जागी करार आला. शिष्याला आपल्याला किती वर्षे मिळणार हे आधी कळले, आणि त्याने परतफेड कोणती करावयाची हेही कळले. माझ्या मते आपल्या संगीताच्या इतिहासातली ही पहिली पद्धतशीर शिष्यवृत्ती-योजना होय, मग तिला त्या काळी हे नाव असो वा नसो.

या विद्यालयात मुले कशी येत, हेही पाहण्यासारखे आहे. १९०७ साली मिरजेचा एक नऊ वर्षांचा मुलगा लाहोरला गेला, विनायक पटवर्धन. त्याच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती कुणी दिली? त्याच मिरजकर बाळासाहेबांनी. ज्या तरुणाने त्यांचा आश्रय सोडला, त्याच्याच विद्यालयात शिकावयास त्यांनी आपल्या खर्चाने मुलगा धाडला; ही उदारता साधी नव्हे. दुसरा मुलगा गुजरातचा, ओंकारनाथ ठाकूर. भडोचचे पारशी गृहस्थ शापूरजी मंचेरजी डुंगाजी यांनी १९०९ च्या सुमारास त्याचा आवाज ऐकला आणि आपल्या खर्चाने त्याला मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात विष्णुबुवांच्या स्वाधीन केले. मुंबईची ही शाखा १९०८ साली निघाली होती. पुढे १९१६ साली याच ओंकारनाथांकडे लाहोरच्या विद्यालयाची धुरा आली. संस्थानिक, व्यापारी आणि स्वतः संस्था अशा तीन ठिकाणचा पैसा एका कामाला लागला होता.

पण तो पुरला का? दुर्दैवाने नाही. इतक्या मुलांच्या जेवणाखाण्याचा भार विष्णुबुवा मुख्यतः आपल्या जलशांच्या आणि देणग्यांच्या मिळकतीवर वाहत. त्यातच मुंबईच्या वास्तूसाठी कर्ज काढावे लागले. जलशांतून ते फिटेना, आणि शेवटी १९२० नंतरच्या दशकात ती वास्तू लिलावात गेली. बुवा नाशिकला जाऊन राहिले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे त्यांचा दत्तात्रेय हा मुलगा होता. वय अवघे दहा. बापाची विद्या घेण्याआधीच बापाचे छत्र हरपले.

आता पुढे काय झाले ते ऐका. या मुलाला गाणे शिकवले ते विनायकबुवा पटवर्धनांनी आणि नारायणराव व्यासांनी, म्हणजे ज्यांना विष्णुबुवांनी मुलासारखे वाढवून शिकवले होते त्यांनी! विनायकबुवांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि तेथेच दत्तात्रेय तयार झाला. द. वि. पलुसकर या नावाने त्याचे गाणे देशभर घरोघरी पोहोचले. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. तरी त्याच्या ध्वनिमुद्रिका लोक अजून ऐकतात. विष्णुबुवांचे दुसरे शिष्य बा. र. देवधर. त्यांनी १९२५ साली मुंबईत स्वतःचे संगीत विद्यालय काढले, आणि १९३६ साली बारा वर्षांच्या शिवपुत्र कोमकली या मुलाला आपल्यापाशी घेऊन वाढवले. हा मुलगा म्हणजे आपले कुमार गंधर्व.

लिलावात इमारत गेली, पण शिष्यांना घातलेले अन्न वाया गेले नाही. मिरजेच्या एका मुलावर झालेला खर्च लाहोर, मुंबई, पुणे असा फिरत दुसऱ्यातिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला. हिशेबाच्या वहीत या परतफेडीला रकाना नाही. देणाऱ्याच्या हाती ती येत नाही. ती पुढच्या शिष्याच्या ताटात पडते.

संस्थानांपैकी बडोद्याने या बाबतीत अधिक व्यवस्थित धोरण ठेवले. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली तेथे संगीतशाळा निघाली. पुढे भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि दरबारचे गायक फैयाझ खाँ यांच्याकडे त्यांना शिकता आले. एकीकडे भातखंड्यांचे शास्त्र, दुसरीकडे खाँसाहेबांची गायकी आणि शिवाय विद्यापीठाची पदवी, असा त्रिवेणी संगम त्यांच्या ठायी झाला. लखनौला १९२६ साली निघालेले मॉरिस कॉलेज पुढे त्यांनीच अनेक वर्षे चालवले, आणि कृ. गुं. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कैकिणी अशी मंडळी तेथे त्यांच्या हाताखाली घडली.

१९४७ नंतर संस्थाने विलीन झाली. दरबार गेले आणि त्यांच्याबरोबर गवयांचे तनखेही गेले. ही जबाबदारी आता लोकशाही शासनावर आली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचे काम सुरू झाले, आणि केंद्र शासन तरुण कलावंतांना पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देऊ लागले. गोव्यातील मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी काही काळ मुंबई आकाशवाणीत नोकरीला होते. शासनाची शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्यांना अझमत हुसेन खाँ यांच्याकडे उच्च शिक्षण घेता आले. ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकांच्या संगीताने मराठी माणसाला त्यांनी किती आनंद दिला हे सांगावयास नको. मालिनी राजूरकर यांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्या अजमेरला गणित शिकवत असत. तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि अजमेरच्या संगीत महाविद्यालयात गोविंदराव राजूरकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी आपले संगीताचे शिक्षण पुरे केले. ज्या मुलींना माधुकरीची वाट कधीच मोकळी नव्हती, त्यांच्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीने केवढे दार उघडले, हे यावरून दिसते. पुढे १९७७ साली कलकत्त्यात आयटीसी संगीत रिसर्च अकादमी स्थापन झाली. तेथे गुरू आणि शिष्य एकाच आवारात राहतात आणि शिष्यांना विद्यावेतन मिळते. उल्हास कशाळकर १९९३ साली तेथे गुरू म्हणून गेले. १९८२ पासून केंद्र शासनाने दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीही सांस्कृतिक गुणशोध शिष्यवृत्ती सुरू केली.

मग आता अडचण कुठे राहिली? महाविद्यालयात शिकवत असल्याने शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन मुले माझ्याकडे सहीसाठी येतात. अर्जात उत्पन्नाचा रकाना असतो, गुणांचा असतो, प्रमाणपत्रांचा असतो. गेल्या वर्षी सारंगी शिकणारा एक मुलगा आला होता. मी विचारले, “ही रक्कम मिळाली तर काय करशील?” तो म्हणाला, “सर, संध्याकाळची नोकरी सोडीन. गुरुजी संध्याकाळीच शिकवतात.” त्याला वाद्य नको होते, मानपत्र नको होते. त्याला संध्याकाळ हवी होती.

बाळासाहेबांनी विष्णूला, विष्णुबुवांनी विनायकाला आणि देवधरांनी कुमारांना जे दिले ते मुख्यतः हेच होते: निश्चिंत वेळ, आणि तो एका गुरूच्या सहवासात. शिष्यवृत्ती लहान असली तरी चालेल, पण ती पुरेशी वर्षे टिकली पाहिजे. गाणे पिकू लागते त्याच सुमारास ती बंद झाली, तर आधीचा खर्चही अर्धामुर्धा वाया जातो. आणि केवळ गायकांचा विचार करूनही भागणार नाही. सारंगी, पखवाज यांसारख्या वाद्यांचे विद्यार्थी आधीच थोडे; त्यांची वर्षे सांभाळली नाहीत तर पुढच्या पिढीला शिकवणार कोण?

वाचकहो, हे सगळे शासनानेच करावे असे नाही. आपल्या गावात एखादे संगीत मंडळ असेल, एखादा वार्षिक उत्सव होत असेल. त्या उत्सवाच्या मांडवावरचा आणि रोषणाईवरचा थोडा खर्च कमी करून एका, फक्त एका विद्यार्थ्याची पाच वर्षांची सोय करून पाहावी. तो मोठा गवई होईल की नाही, हे आज सांगता येणार नाही. ते मिरजकरांनाही सांगता आले नव्हते. त्यांनी मुलाला जेवू घातले आणि गुरूपाशी बसवले, एवढेच त्यांच्या हाती होते. आणि तेवढे आपल्याही हाती आहे.