पतंगांचे नावगाव

पणतीवर झेपावणाऱ्या पतंगाला आपल्या काव्याने मानाचे स्थान दिले. पण तो पतंग कोणता, ही चौकशी फारशी झाली नाही. अशी चौकशी आमच्याच सीमाभागात, कारवारात, मोठ्या निष्ठेने झाली होती. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ती नोंदवावीशी वाटते.

निलगिरीत चहाचे मळे केलेल्या जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानातील पतंगांवर चार खंड प्रसिद्ध केले. पंखांच्या शिरा व रंगरेषा हा त्यांचा मुख्य आधार. पण शिरा पाहायच्या तर पतंग मारून टाचावा लागतो. घरच्या माणसाला ते कसे जमावे?

कारवारात त्या सुमारास तीन सरकारी अधिकारी एकत्र आले : जंगलखात्याचे टी. आर. बेल, कलेक्टर डेव्हिडसन आणि मीठ-जकात खात्यातले, साताऱ्यात जन्मलेले एटकेन. अळी आणायची, तिचे झाड ओळखायचे, तिला तोच पाला घालायचा आणि कोषातून काय निघते ते पाहायचे, ही त्यांची रीत. फुलपाखरांपासून सुरू झालेला हा नाद बेलसाहेबांनी पतंगांपर्यंत नेला. हॉक मॉथ कुळावरचा पाचवा खंड त्यांनी मेजर स्कॉट यांच्यासह १९३७ साली प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर ते कारवारातच राहिले. १९४८ साली तेथेच वारले.

त्यांची रीत परसात आजही चालते. शेपटाशी शिंग असलेली अळी दिसली की आधी झाड पाहावे. कण्हेर किंवा तगरीवरची, डोक्यामागे दोन निळे डोळे मिरवणारी अळी हिरव्या नक्षीच्या देखण्या पतंगाची. तिळावरची जाडजूड अळी बहुधा पाठीवर कवटीचे चित्र असलेल्या पतंगाची. हा पतंग हातात धरला की चीं चीं करतो. लोक त्याला उगाच अपशकुनी मानतात. अळवावरच्या काळ्या अळीच्या अंगावर डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग असते. म्हणजे परसातली झाडे ओळखणाऱ्या गृहिणीने निम्मी वाट चाललेलीच असते.

हे ज्ञान मुंबई इलाख्यातल्या एका जिल्ह्यात जमले आणि इंग्रजीत राहिले. तो जिल्हा १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. आमच्या सीमाभागाचा इतिहास आम्ही ठराव आणि सत्याग्रह यांच्या तारखांनी सांगतो. ते योग्यच आहे. पण या भूमीत जमलेल्या ज्ञानावरही आपला हक्क आहे, आणि तो मराठीत आणल्यावाचून सिद्ध होणार नाही. केरसुणी उचलण्याआधी भिंतीवरच्या पाहुण्याचे नाव विचारावे. आरंभ तेथून व्हावा.